घरोघरची मरियामाता आणि नेरीची रोजकीर्द

फ्लॉरेन्सचा चित्रकार नेरी दि बिच्चीने 10 मार्च 1453 रोजी नवी वही घातली. हे साल आपल्या हिशेबाचं. त्याच्या हिशेबाने अजून 1452 चालू होतं, कारण फ्लॉरेन्सचं वर्ष 25 मार्चला बदलायचं, देवदूताने मरियेला निरोप दिला त्या सणाच्या दिवशी. नेरीचा धंदा पिढीजात: आजोबा लोरेन्झो दि बिच्ची चित्रकार, वडील बिच्ची दि लोरेन्झो चित्रकार. वडील आदल्याच वर्षी वारले होते आणि चालता कारखाना, तिशी ओलांडलेल्या नेरीच्या एकट्याच्या हाती आला होता.

ही वही 24 एप्रिल 1475 पर्यंत चालली. आज ती फ्लॉरेन्सच्या उफ्फिझी संग्रहालयाच्या ग्रंथालयात आहे. इटलीत तिला 'रिकॉर्दान्झे' म्हणतात, पण मराठीत आपण सरळ रोजकीर्द म्हणू, कारण ती तीच आहे. गिऱ्हाईक कोण, काम काय, त्यात कोणकोणते संत, लाकूडकाम कुणाकडून आलं, सोनं किती, निळा रंग कोणत्या प्रतीचा, किती ठरले, किती आले, माल कधी गेला. कलावंताच्या मनात काय चाललं होतं हे शोधायला गेलात तर हात हलवत परत याल. काल आलेला पोऱ्या आज पळून गेला, हे मात्र सापडेल. फ्रान्चेस्को बोत्तिचीनी हा पुढे नावारूपाला आलेला चित्रकार 1459 मध्ये इथे शिकायला आला आणि वर्ष भरायच्या आत, 1460 मध्ये, निघून गेला. त्याचे वडील पत्ते रंगवायचे, म्हणजे एकासारखा एक माल काढायचं बाळकडू त्याला घरातच मिळालं असणार. तरी टिकला नाही.

कलेच्या इतिहासात नेरीला कुणी फार मान देत नाही. कामसू, ठोकळेबाज, तीच रचना संत बदलून पुन्हा देणारा, असा त्याचा लौकिक. लौकिक खोटा नाही. पण मला तो ज्या कारणासाठी महत्त्वाचा वाटतो ते कारण त्याच्या वेदीचित्रांत नाही, वहीतल्या लहान नोंदींत आहे. मोठ्या चर्चच्या कामांच्या मधेमधे 'कोल्मो दा कामेरा' असा माल येतो: झोपण्याच्या खोलीतला कमानदार देव्हारा. त्यात 'नॉस्त्रा दोन्ना', आमची स्वामिनी. गोव्यात तिलाच सायबीण म्हणतात. ही कधी फळीवर रंगवलेली असते, आणि कितीतरी वेळा गेस्सोची, म्हणजे जिप्समच्या लगद्याची, दुसऱ्याच कुणा शिल्पकाराच्या मूर्तीवरून साच्यातून काढलेली. नेरीच्या कारखान्यात ती फक्त रंगायला येई.

म्हणजे जिला आपण आज 'रेनेसाँसच्या धार्मिक कलाकृतीची घरासाठी हाताने रंगवलेली प्रतिकृती' म्हणू, ती रेनेसाँस चालू असतानाच, त्याच शहरात, त्याच गल्ल्यांत तयार होत होती. हे प्रकरण तिचंच.

खोली आणि देव्हारा

तिथली 'कामेरा' म्हणजे नुसती निजायची जागा नव्हे. नवराबायकोची ती खोली, पण जवळचा पाहुणा तिथेच बसायचा, लग्नात आलेल्या पेट्या तिथेच, बाळंतपण तिथेच. आणि भिंतीवर मरियामाता, बहुतेक वेळा पुढे पडदा नाहीतर झडपा, आणि दिव्याची सोय. जुन्या घरांच्या मालमत्तेच्या याद्या चाळल्या तर ती एखाद्याच घरी असायची असं दिसत नाही. ती नसलेलं बरं घर शोधावं लागतं.

तिथे ती हवी कशाला, याचं सगळ्यात स्वच्छ उत्तर जोव्हान्नी दोमिनीची या डोमिनिकन साधूने शतकाच्या सुरुवातीलाच देऊन ठेवलं होतं. बार्तोलोमेआ आल्बेर्ती या गृहिणीसाठी लिहिलेल्या मार्गदर्शनात तो सांगतो की घरात बालसंतांची आणि कुमारी संतिणींची चित्रं ठेव. दुपट्यात गुंडाळलेलं मूलही त्यांत आपल्यासारखंच कुणीतरी बघून रमेल. कडेवर बाळ घेतलेली मरिया चांगली, बाळाच्या मुठीत चिमणं पाखरू नाहीतर डाळिंब असलेलं चांगलं. आणि लगेच तंबीही देतो: सोन्याचांदीने मढवलेल्या चित्रांचा सोस नको, नाहीतर पोरं देवाऐवजी सोन्याच्या पाया पडायला शिकतील.

त्या पाखरापेक्षा ही तंबी मला जास्त बोलकी वाटते. ती द्यावी लागली याचा अर्थ गिऱ्हाइकाला सोनं हवंच होतं. पुढे नेरीचा कारखाना याच हवेपणावर चालला.

साचा

आता मूर्ती कुणाची? नेरीच्या वहीत देसिदेरिओ दा सेत्तिन्यानोचं नाव येतं. सांता क्रोचे चर्चमधली मार्सुप्पिनीची समाधी घडवणारा हाच. संगमरवर इतका उथळ कोरायचा की कापडाची चुणी बोटाला लागेल न लागेल, डोळ्याला मात्र दिसेल. त्याच्या हातची एक मरिया आज फ्लॉरेन्सच्या बार्जेल्लो संग्रहालयात आहे, एक तुरिनला. तुरिनच्या मरियेच्या स्टुक्कोच्या, म्हणजे गिलाव्याच्या, रंगवलेल्या नकलाही शिल्लक आहेत.

उथळ उठावाचा एक फायदा कारागिराच्या लगेच लक्षात येतो. खोल खाचा नसल्या की साचा सुटायला सोपा. मूर्तीचा हात अंगापासून सुटा असेल, हनुवटीखाली खोल पोकळी असेल, तर साचा तुकड्यातुकड्यांचा करावा लागतो. सपाट उठावाला एकच पुरतो. त्यात गेस्सो किंवा स्टुक्को ओता, ओली माती दाबून बसवा, नाहीतर सरस लावलेल्या कागदाचे थर द्या. माती स्वस्त, पण वाळताना आणि भट्टीत मिळून दहा टक्क्यांपर्यंत आकसते. जिप्सम आकसत नाही. म्हणून आजचे अभ्यासक टेप घेऊन बसतात: दोन सारख्या मूर्तींत एक सगळ्या बाजूंनी बोटभर लहान निघाली, तर ती मातीची आणि पुढच्या पिढीची, म्हणजे नकलेवरून काढलेली नक्कल, असा अंदाज बांधता येतो.

हे सगळं मूळ शिल्पकाराच्या पाठीमागे चाललेली चोरी होती का? इथे एक मूर्ती मधे आणायला हवी. शिल्पकार दोनातेल्लोने आपल्या वैद्याला, जोव्हान्नी केल्लीनीला, उपचारांबद्दल काशाची एक तबकडी भेट दिली: मरिया, बाळ आणि देवदूत. वैद्यबुवांनीही वही ठेवलेली असल्यामुळे तारीख पक्की आहे, 27 ऑगस्ट 1456. व्यास 28.5 सेंटिमीटर, म्हणजे जेवणाच्या ताटाएवढी. ताटाचीच उपमा खुद्द केल्लीनीने दिली आहे. तबकडी उलटी केली की पाठीवर तेच चित्र खोलगट, उलटं. केल्लीनी लिहून ठेवतो की ते मुद्दाम तसं केलेलं आहे, त्यात वितळलेली काच ओतून तशाच मूर्ती काढता याव्यात म्हणून. ही तबकडी 1976 पासून लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

म्हणजे शतकातला सगळ्यात मोठा शिल्पकार वैद्याची फी म्हणून मूर्ती देतो आणि तिच्या पाठीलाच साचा जोडून देतो. अस्सल आणि नक्कल यांच्यातली जी भिंत आपण इतकी उंच बांधली आहे, ती त्याच्या घरात नव्हती.

देसिदेरिओ 1464 च्या जानेवारीत गेला, ऐन उमेदीत. साचे राहिले.

रंगायला आलेली मूर्ती

पेणच्या गणपती कारखान्यात कधी उभं राहून पाहिलं असेल तर पुढचं सांगायला फार शब्द लागणार नाहीत. साच्यातून निघालेल्या पांढऱ्या मूर्ती रांगेने ठेवलेल्या, एक जण अंगाचा रंग मारतोय, दुसरा सोवळ्याचा, आणि अगदी शेवटी जुना माणूस बारीक ब्रश घेऊन डोळ्यांच्या आखणीला बसतो. तोवर सगळ्या मूर्ती सारख्या असतात. आखणी झाली की प्रत्येक जण वेगळीकडे बघायला लागतो.

गेस्सोची मरिया कारखान्यात येते ती खडूसारखी पांढरी आणि पाणी पिणारी. आधी सरसाचा हात देऊन तिची तहान भागवायची, नाहीतर रंगातला बलक ती शोषून घेईल आणि रंग भुकटी होऊन झडेल. मग गेस्सोचा पातळ लेप. तो नेमका पातळच हवा. जाड झाला की आधीच साच्यात बोथटलेली ओठांची कड, बाळाच्या बोटांमधल्या फटी, सगळं बुजतं. मूळ संगमरवरात केसाएवढी कोरलेली रेघ साच्यातून येताना अर्धी मरते. उरलेली अर्धी ब्रशने परत आणायची असते.

सोनं जिथे पडायचं तिथे तांबड्या चिकणमातीचा लेप, त्यावर वर्ख, आणि तो घोटायचा. चेन्निनो चेन्निनी या चित्रकाराने 1400 च्या सुमारास लिहिलेल्या कारागिरीच्या पुस्तकात घोटण्यासाठी गुळगुळीत केलेला दगड सांगितला आहे, आणि तो नसला तर कुत्र्याचा किंवा लांडग्याचा दातही चालेल असं म्हटलं आहे. वर्ख कसा घ्यावा यावरही त्याची तक्रार आहे: एका दुकाताच्या नाण्यातून सोनार 145 पानं काढतात, खरं तर 100 च काढायला हवीत, म्हणजे खालचा लाल दिसत नाही. पदराच्या काठाची बारीक नक्षी घोटीव सोन्यात जमत नाही. तिला लसणाच्या रसाचा चिकट लेप ब्रशने ओढायचा, तो जरा सुकला की वर्ख ठेवायचा, आणि जिथे लसूण तिथेच सोनं धरतं.

चेहऱ्यासाठी रंग अंड्याच्या बलकात. त्यातही चेन्निनीचा बारकावा असा की तरुण चेहऱ्यासाठी शहरातल्या कोंबडीचं अंडं घ्यावं, तिचा बलक फिका असतो. गावाकडच्या कोंबडीचा बलक लालसर, तो म्हाताऱ्या आणि रापलेल्या चेहऱ्यांना. मरियेसाठी शहरी, योसेफासाठी गावरान, असं म्हणायला हरकत नाही.

अंगरखा लाल. किरमिज किड्यापासून काढलेला लाल महागातला. आपल्या 'किरमिजी' शब्दातही तोच किडा आहे. पदर निळा, आणि इथे पैशाचा प्रश्न येतो. अफगाणिस्तानातल्या बदखशानच्या खाणींतून आलेल्या लाजवर्दाचा निळा सोन्याच्या पंगतीला बसायचा. घरगुती मूर्तीला बहुतेक वेळा तांब्याच्या खनिजाचा, अझुराइटचा निळा. तो बारीक वाटला की फिका पडतो, म्हणून जाडसर ठेवून थरावर थर द्यावे लागतात. पुढे त्यावर वार्निशं आणि मेणबत्तीची काजळी चढली की तो काळपट होतो. आज संग्रहालयांत या मूर्तींचे पदर काळे किंवा हिरवट दिसतात त्यामागे बरेचदा हेच कारण असतं.

आणि डोळे. उथळ उठावात बुबुळ सहसा कोरलेलं नसतं. पापण्यांच्या मधे गुळगुळीत फुगवटा असतो. ते बुबुळ रंगवणाऱ्याने द्यायचं. थोडं खाली दिलं तर मरिया बाळाकडे बघते. समोर दिलं तर खोलीत निजलेल्या माणसाकडे. एका कोपऱ्यात सरकवलं तर ती कुठेच बघत नाही, पुढचं सगळं ठाऊक असल्यासारखी. आईने आपल्या मुलाकडे बघावं की माझ्याकडे, हा त्या घरासाठी लहान प्रश्न नव्हता, आणि त्याचं उत्तर देसिदेरिओने दिलेलं नव्हतं. ते नेरीने किंवा त्याच्या हाताखालच्या पोराने दिलं. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टसारख्या संग्रहालयात एकाच रचनेच्या दोन-तीन रंगवलेल्या नकलांचे फोटो शेजारी ठेवून पाहा. नाक, हनुवटी, बाळाची पोटरी तंतोतंत. बाया मात्र वेगळ्या.

म्हणून 'नक्कल' हा शब्द मला इथे अपुरा वाटतो. साच्यातून जे आलं ती नक्कल. घरी जे गेलं ते नव्हे.

हिशेब

पैशाबद्दल थोडक्यात. सोन्याचा फ्लोरिन साडेतीन ग्रॅमचा. रोजचा व्यवहार लिरा, सोल्दी, देनारीत: 12 देनारींचा सोल्दो, 20 सोल्दींची लिरा. फ्लोरिनचा भाव लिरेत वरखाली व्हायचा आणि शतकभर चढत राहिला, त्यामुळे कोणत्या नाण्यात ठरलं हे लिहून ठेवणं भागच होतं.

किमतीचे तुकडे तीन: लाकूड, सोनं-निळा, आणि मजुरी. लाकडाच्या चौकटी आणि देव्हारे नेरी जुल्यानो दा मायानोसारख्या सुतारांकडून घेई, जो पुढे मोठा वास्तुकार झाला. पहिले दोन खर्च गिऱ्हाइकाच्या ऐपतीनुसार वरखाली करता येत, आणि तिथेच या धंद्याची गोम आहे. मूर्ती तीच ठेवून श्रीमंताला भरगच्च सोन्याची देता येते आणि कारागिराला काठापुरत्या सोन्याची. संगमरवर एकाच घरात जातो. गेस्सो प्रत्येकाच्या खिशाप्रमाणे सजून जातो. जुन्या वस्तूंचे व्यापारीही यात होते; म्हणजे काही देव्हारे नेमक्या घरासाठी नव्हे, तर दुकानात ठेवायला बनत.

रंगणारे हातही एकाचे नव्हते. कोझिमो रोस्सेल्ली 1453 मध्ये, वही सुरू झाली त्याच वर्षी, इथे आला आणि 1456 पर्यंत राहिला. पंचवीस वर्षांनी तो पोपच्या बोलावण्यावरून सिस्टीन चॅपेलच्या भिंती रंगवत होता, बोत्तिचेल्ली आणि गिर्लांदायोच्या शेजारी. पोरवयात त्याने इथे काय काय केलं असेल, वर्ख घोटला असेल की बाळाचे गाल रंगवले असतील, याचा विचार करायला मला आवडतं.

मग मूळ कुठे गेलं

फळीवरच्या चित्रांतही हेच चाललं होतं. फिलिप्पो लिप्पी आणि पेझेल्लीनो या चित्रकारांच्या रचनांचे कागदी आराखडे घेऊन मरिया, बाळ, मागे गुलाबाची कुंपणं आणि भरपूर सोनं, असं घराघरासाठी काढणारा एक अख्खा कारखाना होता. त्याचं खरं नाव हरवलं. बेरेन्सन या अभ्यासकाने त्याला 'तोतया पिएर फ्रान्चेस्को फियोरेन्तीनो' असं लांबलचक नाव दिलं. आता त्याला लिप्पी-पेझेल्लीनोचे अनुकर्ते म्हणतात.

त्यांच्याकडचं एक चित्र आज कुठे आहे बघा. मेदिचींच्या राजवाड्यातल्या खासगी देवघरात, बेनोझ्झो गोझ्झोलीच्या झगमगत्या मिरवणुकीच्या भित्तिचित्रांमधे, वेदीवर. तिथलं मूळ चित्र लिप्पीचं. ते सोली नावाच्या व्यापाऱ्याच्या संग्रहातून 1821 मध्ये प्रशियाच्या ताब्यात गेलं आणि आता बर्लिनला आहे. फ्लॉरेन्समधल्या सगळ्यात श्रीमंत घराच्या देव्हाऱ्यात आज पंधराव्या शतकातली घरगुती नक्कल बसली आहे. रांगेत उभे राहून आत जाणारे बहुतेक लोक ती पाहून समाधानाने बाहेर येतात, आणि मला त्यात फसवणूक दिसत नाही.

फसवणूक पुढे झाली, एकोणिसाव्या शतकात, जेव्हा संग्राहकांना 'रेनेसाँसचा अस्सल तुकडा' हवा झाला. शिल्प म्हणजे पांढरं संगमरवर, अशी त्यांची आवड. मग कितीतरी मूर्तींवरचा रंग खरवडून काढला गेला. म्हणजे नेमकं तेच गेलं जे त्या मूर्तीत हाताने केलेलं होतं, आणि उरला तो साचा. दुसरीकडे नव्या मातीला जुनं रूप देणारे हात तयार झाले. जोव्हान्नी बास्त्यानीनीने घडवलेला कवी बेनिव्हिएनीचा अर्धपुतळा लूव्हरने 1866 मध्ये पंधराव्या शतकातला समजून 13 हजारांहून जास्त फ्रँकला घेतला. पुढच्याच वर्षी कळलं की शिल्पकार जिवंत आहे. त्यापेक्षा फ्लॉरेन्सजवळच्या सिन्या गावचा कारखाना प्रामाणिक. 1895 मध्ये निघालेली ही मंडळी जुन्या शिल्पांच्या मातीच्या नकला नक्कल म्हणूनच विकत.

आता चीनमधल्या शेन्झेन शहरातल्या दाफेन वस्तीतून राफाएलच्या मरिया कॅनव्हासवर रंगून जगभर घराघरांत जातात. एक जण चेहरा, दुसरा पदर. त्यांना नाकं मुरडणाऱ्यांनी नेरीची वही एकदा वाचावी. फरक मला एकच मोठा दिसतो. नेरीच्या नोंदीत गिऱ्हाइकाचं नाव आहे. ते आपल्या पायांनी दुकानात यायचं, सोनं कुठे आणि किती हे बोलून ठरवायचं, आणि कुठे बघणारी मरिया हवी हेही सांगू शकायचं. कुणाला घरासाठी अशी प्रत रंगवून घ्यायची असेल तर माझं म्हणणं इतकंच, की छापील यादीतून चित्राचा नंबर पाठवू नये. रंगवणाऱ्याशी डोळ्यांबद्दल बोलावं.

फ्लॉरेन्समध्ये आर्नो नदीपलीकडे स्तेफानो बार्दिनी या जुन्या व्यापाऱ्याने उभं केलेलं संग्रहालय आहे, निळ्या भिंतींचं. त्यात एक दालनच मरियांचं: स्टुक्को, माती, कागदाचा लगदा, सगळ्या भिंतीवर ओळीने. काहींचा रंग शाबूत, काही खरवडलेल्या. रंग टिकलेल्यांपैकी एखादी नेरीच्या हातची असू शकेल, पण वहीतल्या नोंदीशी अशी मूर्ती जुळवणं कठीण, कारण त्याने लिहिलं ते गिऱ्हाइकाचं नाव आणि सोन्याचा हिशेब. नजर कुणीकडे होती हे लिहायची त्याला गरज नव्हती. तसंही 24 एप्रिल 1475 नंतर तो आणखी पंधराहून जास्त वर्षं जगला, आणि त्या वर्षांची वही उरलेली नाही.